आंब्याच्या फळ्यांचं गलबत

आज सकाळी खालच्या मजल्यावर दशहरी आंब्यांची पेटी आली. मी जिन्यात दूधवाल्याची वाट पाहत उभी होते. पकडीने खिळे उपसल्याचा करकर आवाज आला आणि पाठोपाठ तो वास वर चढून आला. नुसत्या आंब्याचा वास नव्हे तो. आंबा तर आहेच, पण त्याच्याखाली ओलसर वर्तमानपत्राचा, पेंढ्याचा आणि कच्च्या, नुकत्याच चिरलेल्या लाकडाचा जो वास असतो ना, थोडा आंबूस, थोडा गोड, तो. थोड्या वेळाने खाली उतरले तर रिकाम्या पेटीच्या फळ्या पायरीशी टाकलेल्या. मी त्यातली एक उचलली आणि दोन्ही हातांत धरून हळूच वाकवून पाहिली. कुठे कडकडते, कुठे ऐकते. शेजारची सून म्हणाली, "आंटी, कील लगी है, हाथ में चुभ जाएगी." मी हो हो म्हटलं, पण फळी सोडवेना. ही खोड मला माझ्या सासूबाईंनी लावली. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दर जून महिन्यात माझे हात आपले पेटीच्या फळ्या वाकवून बघतात.

आधी सांगते, मी वर्ध्याकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, आणि होडी म्हणजे शाळेत कागदाची. लग्न होऊन आले ती देवगडच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या घरात, आणि तिथून वर्षभरातच नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी आधी भुसावळ, मग झाशी, आणि नव्वदच्या सुमाराला लखनौ. तेलीबागेत आम्ही एका घराचा खालचा मजला भाड्याने घेतला होता. पुढे लहानसा ओटा, ओट्याला बांबूच्या कामट्यांची चिक, म्हणजे उन्हाचा पडदा, आणि वर मकानमालकीण, जिच्या जिभेला आणि प्रेमाला, दोन्हीला लगाम नव्हता. त्या वेळी तेलीबाग म्हणजे शहराचं शेवटचं टोक. रायबरेली रोड ओलांडून थोडं चाललं की शेतं लागायची, म्हशी लागायच्या आणि शिंगाड्याची तळी. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्या या घरात.

समुद्रावरचं माणूस लखनौत आणून ठेवलं की काय होतं, ते मी त्यांच्याकडे बघून शिकले. त्या तक्रार कधी करायच्या नाहीत. फक्त संध्याकाळ झाली की ओट्यावर येऊन वाऱ्याकडे तोंड करून बसायच्या आणि थोड्या वेळाने म्हणायच्या, "हयसर वारो येता, पण खयसून येता ता सांगणा नाय." त्यांचं बोलणं असं देवगडकडच्या वळणाचं. मला ऐकू आलं तसं लिहिते आहे, तिकडच्यांनी चूकभूल पदरात घ्यावी. वडील त्यांचे तांडेल, म्हणजे स्वतःचं गलबत चालवणारे. एका डोलकाठीचं, कौलं, मीठ, नारळ असा माल घेऊन किनाऱ्या-किनाऱ्याने वर मुंबईपर्यंत जाणारं. सासूबाईंचं लग्न ठरण्याआधीच ते गलबत जुनं झालं म्हणून मोडीत निघालं, त्याची लाकडं कुणाच्या तरी गोठ्याला लागली. फोटो नाही, चित्र नाही. त्या काळी माणसांचेसुद्धा फोटो निघायचे नाहीत, तिथे गलबताचा कोण काढणार?

एका उन्हाळ्यात सासूबाईंच्या डोळ्यांचं निघालं. त्या वाटीतली भाजी सोडून वाटीच्या बाजूला हात घालायला लागल्या, दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागल्या. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती थेंब घालून टिकेल तेवढी टिकवायची. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. घरी येताना रिक्षात मला म्हणाल्या, "कडेकडेन काळोख येता गो. मधी एक खिडकी हा. त्या खिडकीतसून दिसता." मला वाटतं, त्या रिक्षातच त्यांनी मनात काहीतरी मोजायला घेतलं होतं.

माझ्या नवऱ्याला आईचं दुःख हलकं करायची एकच रीत ठाऊक, वस्तू आणायची. कुठल्याशा प्रदर्शनातून त्याने एक काचेच्या पेटीतलं जहाज आणलं. तीन डोलकाठ्या, सोनेरी दोऱ्या, पांढरीशुभ्र फुगलेली शिडं, बाजूला बटण दाबलं की दिवा लागायचा. सासूबाईंनी ते खिडकीएवढ्या नजरेने पुढून मागून न्याहाळलं आणि विचारलं, "ह्या पाण्यात सोडला तर तरात?"

"आई, हा शोपीस आहे. पाण्यात कशाला सोडायचा?"

"मगे ही होडी न्हय. होडीचो फोटो."

नवरा हिरमुसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला विचारलं की आंब्याची पेटी फोडली तिच्या फळ्या कुठे आहेत. मी म्हटलं, भंगारवाल्यासाठी ठेवल्यात. "देव नको," त्या म्हणाल्या. देऊ नकोस. आणि ओट्यावर पोतं पसरून बसल्या. अशी ती सुरुवात झाली. त्यांनी त्याआधी जन्मात लाकडाचं काही केलेलं नव्हतं, अगदी पाटाचा खिळासुद्धा ठोकला नव्हता. पासष्टी ओलांडलेली बाई, डोळ्यांत काळोख शिरत असलेला, आणि हिला गलबत करायचंय. मी मनात म्हटलं, चार दिवसांचा नाद आहे, मन रमेल.

नवऱ्याला मात्र हुरूप चढला. इंजिनियर माणूस, त्याने आलेखाचा कागद आणला, पट्टी घेतली, "आई, आधी आपण ड्रॉइंग काढू, लांबी किती, रुंदी किती, सांग." सासूबाई म्हणाल्या, "माका काय ठावक? माझ्या हातात हा ती." त्याला वाटलं त्या थट्टा करतायत. मला मात्र त्या दुपारी त्यांनी समजावून सांगितलं. पावसाळा लागला की गलबत किनाऱ्यावर ओढून घेत, त्याच्यावर माडाच्या झावळ्यांचं छप्पर करत. मग चार महिने त्याच्या अंगाला माशाचं तेल चोळायचं, म्हणजे लाकूड तडकत नाही. हे काम घरच्या मुलींचं. आई आणि या, दोघी दोन बाजूंनी, नाळेपासून सुरुवात करायची ती पार मागच्या सुकाणूपर्यंत. नाळ म्हणजे गलबताचं पुढचं झेपावलेलं तोंड. दर पावसाळ्यात, वर्षानुवर्षं. कुठे पोट सुटतं, कुठे ते आत वळतं, कुठली फळी जरा पुढे आलेली आहे, सगळं त्यांच्या तळहाताला पाठ. पण चोळायचं ते बाहेरून. मुलींनी गलबतावर चढायचं नाही, असा त्यांच्याकडचा रिवाज. तीन पायऱ्यांची शिडी लावलेली असायची, पण ती पुरुषांसाठी. "आत काय हा, माका ठावक नाय," त्या म्हणाल्या, "भायरसून इचार, आंधळी झालंय तरी सांगान."

आणि तेव्हा मला कळलं की हा नाद चार दिवसांचा नाही. त्या गलबताची आकृती या जगात फक्त एका ठिकाणी शिल्लक होती, आणि ती जागा आमच्या ओट्यावर पोतं पसरून बसली होती. आकार हाताला पाठ असला, तरी सुरी चालवायला डोळे लागतातच. खिडकी बंद व्हायच्या आत त्यांना ते आपल्यातून बाहेर काढून ठेवायचं होतं.

काय सांगू, त्यांच्या कामाची रीत बघत राहावी. मोडक्या खाटेची शिसवी पट्टी होती, ती घासून त्यांनी तळाचा कणा केला. त्याला त्या पठाण म्हणायच्या. जुन्या चिकेच्या कामट्या वाकवून बरगड्या. हत्यारं म्हणाल तर भाजीची सुरी, नवऱ्याची दाढीची ब्लेडं, एक हेक्सॉचं पातं आणि पॉलिशपेपर. पहिल्या फळ्या वाकवताना काड्कन मोडल्या. दुसऱ्याही मोडल्या. तिसऱ्या दिवशी माझं मोदकपात्र स्वयंपाकघरातून गायब. बघते तर ओट्यावर स्टोव्ह पेटलेला, मोदकपात्रातून वाफ निघतेय आणि आत मोदकांच्या जागी दशहरीच्या पेटीच्या फळ्या, पातळ घासलेल्या, अर्ध्या बाहेर डोकावणाऱ्या. मी काही म्हणायच्या आत त्यांनीच माझी समजूत घातली, "उकड थंड झाली काय मोदक तुटता ना? फळयेचां तसांच." वाफेतून काढलेली फळी त्या बोटं भाजत असताना बरगड्यांवर दाबून धरायच्या, तोंडाने फूं फूं करत, आणि दोऱ्याने बांधून टाकायच्या. त्या भाद्रपदात आमच्या मोदकांना लाकडाचा किंचित वास होता. नैवेद्य दाखवताना मी गणपतीची मनोमन माफी मागितली. सासूबाईंनी मात्र खाताना डोळे मिटून म्हटलं, "बरो लागता."

वरून मकानमालकीण उतरायची, कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "अम्माजी, तेलीबाग में नाव की ज़रूरत तो है, मगर सड़क पर. ज़रा बड़ी बना दीजिए, बरसात में हम भी बैठ के सब्जी लेने चले जाएँगे."

"बैठने का नाय," सासूबाई मान वर न करता म्हणायच्या, "तुम बैठेगा तो डुबेगा."

"हाय अम्माजी, अब हम इतने भी मोटे नहीं."

हे रोजचं. पण हीच मालकीण एक दिवस आपल्या बाजूची धड असलेली चिक काढून घेऊन आली. म्हणाली, धूप आती है तो आए, इसमें अच्छी सीधी तीलियाँ हैं. माणसं अशी असतात बघा, चिडवतात एका हाताने आणि देतात दुसऱ्या.

मला सगळ्यात आवडायचं ते त्यांचं तपासणं. एकेक जोडी फळ्या बसली की त्या होडी मांडीवर उलटी घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि दोन्ही तळहात दोन बाजूंनी एकाच वेळी नाळेपासून मागे फिरवायच्या. सावकाश. मध्येच थांबायच्या, बोट परत मागे न्यायच्या, मग तेवढ्याच जागी पॉलिशपेपर. नवऱ्याने एकदा ऑफिसातून मोजायचं साधन आणलं आणि दोन्ही बाजू मापून बघितल्या. केसाएवढा फरक निघाला नाही. "आई, हे कसं जमवलंस?" त्याने विचारलं. "माणसाक दोन हात कित्या दिल्यान देवान?" एवढंच त्या म्हणाल्या. नवरा त्या दिवसापासून ड्रॉइंगचं नाव काढेनासा झाला. उलट संध्याकाळी आला की हातपाय धुऊन आधी ओट्यावर, आणि आईने सांगितलं तेवढंच घासून द्यायचा. पंचेचाळिशीला आलेला माणूस, आईसमोर मांडी घालून बसलेला, आणि ती त्याच्या हातातून फळी काढून घेत म्हणते आहे, "पुरे. तू लय घासतंस." मला त्या दोघांकडे बघून उगीचच भरून यायचं.

फटींमध्ये कापूस ठासला. पंसाऱ्याच्या, म्हणजे जडीबुटीवाल्याच्या दुकानातून राळ आणून तेलात कढवली आणि ती वरून भरली. सगळ्या गल्लीत देवळासारखा वास सुटला. डोलकाठी बांबूची. शीड शिवायचं काम माझ्याकडे आलं. मांजरपाट आणला, सासूबाईंनी तो जमिनीवर पसरून हाताने आकार दाखवला, तिरका, एका बाजूला लांब, आणि मी मशीनवर शिवून दिला. पेटीच्या फळीएवढीच लांब ती होडी, म्हणजे हातभर. पण ओट्याच्या कठड्यावर ठेवली की असं वाटायचं, ही इथे थांबलेली नाही, ही आत्ता निघालेली आहे.

थंडी पडायच्या सुमाराला राळ पक्की वाळली. अंगणात कपडे भिजवायचा मोठा जस्ताचा टब होता, तो आम्ही काठोकाठ भरला. मालकीण जिन्यात येऊन बसली. सासूबाईंनी होडी दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवली आणि हात काढले.

होडी सावकाश कुशीवर झोपली.

त्यांनी उचलून परत ठेवली. ती दुसऱ्या कुशीवर झोपली. शीड पाण्यात, डोलकाठी आडवी. मालकीण जिन्यातून उठून उभी राहिली. नवऱ्याने मग हळूच सांगितलं की हे सोपं आहे, खालच्या कण्याला बाहेरून शिशाची पट्टी ठोकू, नाहीतर पोट दोन बोटं रुंद करू, उभी राहील. ते खरंही असेल. पण सासूबाईंनी मान हलवली. "भायरसून ती अशीच होती." मग ओले हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "नायतर माझोच हात चुकलो आसतलो."

ते वाक्य मला फार लागलं. कारण बघा, प्रश्न आता होडीचा राहिला नव्हता. बापाचं गलबत तर मुंबईपर्यंत जाऊन येत होतं, उभं राहूनच. आणि ही पडते. म्हणजे ही ते गलबत नव्हे. म्हणजे इतकी वर्षं जे हातात आहे असं त्या समजत होत्या, ते तिथे नव्हतंच. रुंद करून तरती केली असती तर ती कुणाची तरी होडी झाली असती, त्यांच्या बापाची नाही. त्यांनी ती पुसली, वाळवली आणि कपाटावर ठेवून द्यायला मला सांगितलं. ओट्यावरचं पोतं झटकून घडी करून ठेवलं. त्यानंतर त्या लाकडाबद्दल, समुद्राबद्दल, वाऱ्याबद्दलसुद्धा बोलेनाशा झाल्या. थेंब वेळेवर घालून घ्यायच्या, पोथी माझ्याकडून वाचून घ्यायच्या. सगळं शिस्तीत. मला ती शिस्त सोसायची नाही.

फाल्गुनात त्यांचा धाकटा भाऊ काशी करून परतताना आमच्याकडे उतरला. उंचनिंच, काळासावळा, आवाज असा की खाडीच्या या काठावरून त्या काठाला बोलावं. बापाबरोबर शेवटची दोन-चार वर्षं तो गलबतावर गेलेला, पण तेव्हा अगदी पोरसवदा, भाकऱ्या भाजायला घेतलेला, त्यामुळे त्याला काय आठवणार असं सासूबाईंनी धरूनच चाललं होतं. आल्या आल्या त्याने गंगाजलाचा गडू माझ्या हातात दिला आणि बहिणीला म्हणाला, "आक्का, तू लखनवी झालंस गो. आता माका 'आप' म्हणतलंस."

"गप रे मेल्या," सासूबाई म्हणाल्या. कित्येक महिन्यांनी त्यांचा असा मोकळा आवाज आला.

जेवणं झाली. पाठ टेकायला म्हणून नवऱ्याचे हे मामा आतल्या खोलीत गेले आणि दारातच थबकले. कपाटाच्या कडेच्या बाहेर होडीचं फक्त टोक आलेलं होतं, वीतभरसुद्धा नाही. मामा त्या टोकाकडे बघत राहिले. मग मागे न वळता त्यांनी विचारलं, "ही आमची नाळ हयसर कशी?"

मी काही सांगायच्या आत सासूबाई पाठीमागून आल्या होत्या. "तसां म्हणा नको," त्या म्हणाल्या. "ती पाण्यात उभी रवणा नाय."

मामांनी होडी खाली काढली, पलंगावर बसून मांडीवर घेतली. बाहेरून त्यांनी पाहिलंच नाही, त्याची त्यांना गरज वाटली नसावी. त्यांनी आत डोकावलं. आत बोट घातलं, तळाला टेकवलं, आणि वर बघून म्हणाले, "गो आक्का, रिकामीच घातलंस पाण्यात?"

"रिकामी म्हंजे? ती काय घागर हा?"

"अगो, नीरम खंय हा हिचां?"

नीरम. हा शब्द सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकला. तांडेलाच्या मुलीने, पासष्टी ओलांडल्यावर, लखनौत. मामांनी सांगितलं की रिकामं गलबत कधीच हाकारत नसत. माल नसेल त्या खेपेला तळाशी खाडीतले धोंडे भरायचे, म्हणजे वाऱ्याने ते कलंडत नाही; त्या वजनालाच नीरम म्हणायचं. बापाचं गलबत तर अंगाने सडपातळ, वजन नसेल तर उभंच राहायचं नाही. पुरुष डोक्यावर टोपल्या घेऊन कमरेइतक्या पाण्यातून जात आणि तळाशी रिचवून येत. ते सासूबाईंनी लहानपणी किनाऱ्यावरून शेकडो वेळा पाहिलेलं होतं. टोपल्या पाहिलेल्या होत्या. टोपल्यांत काय आहे ते पाहिलेलं नव्हतं.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "म्हंजे बापूस धोंडे घेवन जाय?"

"कितीदा तरी."

"आणि मी शेजारणींका सांगतंय, आमचां गलबत भरान गेलां, आमचां गलबत भरान गेलां."

"भरानच जाय होतां," मामा म्हणाले. "खोटां खंय सांगलंस?"

सासूबाई हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांना पदर लावला, आणि हसणं कुठे संपलं आणि दुसरं काही कुठे सुरू झालं ते मला कळलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी आवरायला घेतली.

समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, रस्त्याच्या कडेला मौरंगचा, म्हणजे त्या जाड लालसर वाळूचा ढीग पडलेला होता. मी मांजरपाटाच्या उरलेल्या तुकड्यांच्या पुरचुंड्या शिवल्या, नवऱ्याने त्यात मौरंग भरली, मामा एकेक पुरचुंडी तळाशी लावत गेले, पुढे कमी, मागे जास्त. कोकणच्या गलबताला बुंदेलखंडातल्या नदीची वाळू. टबाला मामांनी नाही म्हटलं. वाऱ्याशिवाय काय कळणार? तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे रायबरेली रोड ओलांडून शेतांमधल्या त्या तळ्यावर गेलो. शिंगाडे केव्हाच काढून झालेले, पाणी मोकळं, पलीकडे दोन म्हशी. पछुआ सुटला होता, होळीच्या आधी सुटतो तो कोरडा, सरळ वारा. मालकीण अंगावर शाल घेऊन आलीच. "अम्माजी की नाव है, हम न जाएँ तो कौन जाए."

मामांनी काठावर नारळ वाढवला. मग होडी बहिणीपुढे धरली. त्या मागे सरकल्या. त्यांच्याकडे गलबत पाण्यात लोटताना बायका मागे, वाळूवर उभ्या राहतात. "तू सोड," त्या म्हणाल्या.

"केली कोणी?"

"केली मी."

"मगे."

सासूबाईंनी चपला काढल्या, साडी खोचली आणि घोटाभर पाण्यात उतरल्या. वाकून त्यांनी होडी ठेवली. क्षणभर बोटं तिच्या दोन्ही अंगांना तशीच राहिली. मग काढली.

वारा शिडात शिरला. होडी कलली. पण ती झोपली नाही. थोडी कललेली तशीच पुढे सरकली, वाऱ्याचा जोर ओसरला तशी उठली, परत कलली, परत उठली. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या, म्हणजे ती जिथून सुटली तिकडे बघत होत्या. चालती होडी त्यांच्या खिडकीत मावेना. दोन-चार हात गेल्यावर ती कडेच्या काळोखात गेली असावी, कारण त्यांची मान भलतीकडेच वळलेली होती.

"खंय पोचली?" त्यांनी विचारलं.

"मधी गेली," मामा म्हणाले.

"वाकता?"

"वाकता."

"आणि?"

"आणि उठता."

मालकिणीने पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि त्यांचं बोट बरोबर होडीच्या दिशेला वळवलं. "उधर, अम्माजी. सीधी जा रही है. भैंस ने भी रास्ता दे दिया."

सासूबाईंनी बोट तसंच धरून ठेवलं, होडीबरोबर सरकवत. "मगे ती बापाशीचीच," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही, अगदी साध्या आवाजात, दळण मोजून झालं की आपण म्हणतो तसं.

मामा निघाले तेव्हा सासूबाईंनी ती होडी त्यांना देऊन टाकली. नवऱ्याला हे पटेना. इतक्या महिन्यांची मेहनत, भाजलेली बोटं, आणि दोन दिवस घरात ठेवावी की नाही? सासूबाई जुन्या लुगड्यात होडी गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "माका बघूचा होता, ता मी बघलंय." आणि गाठ मारली. त्या वाक्यानंतर आमच्या घरात डोळ्यांचा विषय भीतीने निघाला नाही. पुढे खिडकी मिटत मिटत पार मिटली, तरी नाही. मी खूप बायका पाहिल्या, शिकलेल्या, कर्तबगार, पण इतकी निर्भय बाई मी दुसरी पाहिली नाही. आपण सगळे आठवणी जपतो. पाण्यात सोडून बघत नाही कोणी. पडली तर काय, हे भय असतंच ना.

होडी पुष्कळ वर्षं मामांच्या पडवीत होती. मामा गेल्यावर एका सुट्टीत त्यांच्या नातवंडांनी ती खाडीत सोडली आणि ओहोटीबरोबर ती गेली ती मिळाली नाही. मामांच्या सुनेने फोनवर फार अपराधी आवाजात सांगितलं. मी तिला म्हटलं, अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. मला खरंच वाईट वाटलं नव्हतं.

ते तळं आता नाही. शेतं नाहीत, म्हशी नाहीत. तिथे वृंदावन योजनेचे सेक्टर झाले, आणि निवृत्तीनंतर आम्हीही त्यातल्याच एका घरात राहायला आलो. तळं नेमकं कुठे होतं यावर आमचे दोघांचे वाद होतात. नवरा म्हणतो, आता बागेची भिंत आहे तिथे. मी म्हणते, त्याच्याही मागे. तो म्हणतो, होडी पलीकडच्या काठाला लागली आणि आपण स्वतः पँट दुमडून ती आणली. मला आठवतं, वारा फिरला आणि ती आपली आपण अर्ध्या वाटेत परत आली. विचारायचं कुणाला? मकानमालकीणही राहिली नाही, मामाही नाहीत. सासूबाईंचं नशीब थोर, त्यांना आत डोकावून सांगणारा भाऊ होता. आम्हाला तसं कोणी नाही, आणि सोडून बघायला ते पाणीही नाही. मग मी त्याचं ऐकून घेते, तो माझं ऐकून घेतो, आणि दोघांचं मिळून जेवढं उभं राहतं तेवढं आमचं.